मदत हवी आहे: रोजच्या वापराला नवीन टोयोटा टॅकोमा पिकअप घ्यावी का? (चालवणारी पाच फूट एक इंच, दोन मुलं, बारा ढोल)

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरविलजवळ राहतो. घरात आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा. नवऱ्याची सेडान मेट्रा स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवस काढते. माझ्या २०१२ च्या मिनीव्हॅनचा गिअरबॉक्स मार्चमध्ये गेला. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला, म्हणून ती विकून टाकली. आता येईल ती गाडी रोज मी चालवणार आहे. शाळा, डेकेअर, आठवड्यातून दोनदा ऑफिस, किराणा, आणि जून ते सप्टेंबर ढोल-ताशा पथक.

पथकाचं साहित्य माझ्या ताब्यात असतं. बारा ढोल, सहा ताशे, टोलांची पेटी आणि दहा फुटी काठ्यांचे दोन ध्वज. मिनीव्हॅनमध्ये मागची बाकं काढली तरी एका खेपेत पाचच ढोल जायचे. मग दोन-तीन जणांना फोन, कोणाची गाडी मोकळी आहे विचारा, आणि मिरवणुकीच्या सकाळी एक ढोल कोणाच्या तरी गॅरेजमध्येच राहिलेला. गेल्या वर्षभरात मला हौदा असलेली गाडी किती वेळा लागली ते मी वहीत मोजलं. सतरा वेळा. नऊ वेळा पथकासाठी, चार वेळा बागेतल्या मल्च (वाफ्यांवर पसरायचा लाकडी चुरा) आणि मातीसाठी, बाकी प्लायवूड, सोफा, सायकली. बाकीचे साडेतीनशे दिवस मात्र दोन मुलं, दप्तरं आणि दूध. माझा प्रश्न याच हिशेबाचा आहे.

पिकअपच का, तर तासगावला बाबांकडे द्राक्षांसाठी पिकअप होती. हौद्यात क्रेट लावणं, हौद्याचा मागचा फाळका पाडून त्यावर बसणं, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) किती दबले ते बघून "आता बास" म्हणणं, हे सगळं मी लहानपणी पाहिलं आहे. ती ओढ माझ्यात आहे आणि ती मी लपवत नाही. पण चाळीस हजार डॉलर ओढीपायी घालवायचे नाहीत, म्हणून इथे विचारते आहे.

टोयोटाने टॅकोमा २०२४ च्या मॉडेलपासून पूर्ण नवी केली. जुना ३.५ लिटरचा व्ही-६ गेला आणि २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. ऑटोमॅटिकमध्ये २७८ अश्वशक्ती, फक्त सगळ्यात खालच्या एसआर श्रेणीला २२८. वर ३२६ अश्वशक्तीची हायब्रिड आहे. चासी आता टोयोटाच्याच टुंड्रा आणि लँड क्रूझरच्या कुटुंबातली. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मागच्या सस्पेन्शनचा आहे. वरच्या श्रेणींच्या डबल कॅबला (चार दारांची, मागे सीट असलेली) पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. लहान केबिनच्या एक्स्ट्रा कॅबला अजून पाटेच आहेत, आणि तिला आता मागची सीटही नाही, त्यामुळे ती आमच्या यादीतून आपोआप गेली.

टीआरडी ऑफ-रोड श्रेणीची डबल कॅब मी दोनदा चालवली. पहिल्यांदा एकटीने. जुनी टॅकोमा एका मैत्रिणीची चालवली होती, त्यात सीट इतकी खाली की पाय लांब पसरून जमिनीवर बसल्यासारखं वाटायचं. नवीत माणसासारखं बसता येतं. रेल्वे क्रॉसिंगवरून रिकामा हौदा उडत नाही, ७५ व्या रस्त्यावर शेजारच्या गाड्यांबरोबर सहज पळते. गॅसवर पाय दिला की इंजिन थोडं घरघरतं, व्ही-६ चा गोड आवाज नाही, पण त्याने माझं काही अडत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं की झालं, हीच.

दुसऱ्यांदा मुलांना घेऊन गेले. आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण माझी खरी अडचण इथेच आहे.

धाकट्याची सीट (गाडीत बांधायची लहान मुलाची खुर्ची) अजून मागे तोंड करून लावायची. टॅकोमाच्या डबल कॅबमध्ये मागे पायांना ३३.७ इंच जागा आहे. ती सीट बसवण्यासाठी पुढच्या प्रवाशाची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. तो पाच फूट दहा आहे. सीट माझ्यामागे लावली तर जमतं, कारण मी मुळातच पुढे सरकून बसते. पण मग नवऱ्याला गाडी चालवायची असली की दर वेळी सीट उचलून दुसरीकडे लावा.

दुसरी गोष्ट बॉनेटची. डीलरच्या अंगणात गाडी बंद होती, किल्ली नवऱ्याच्या खिशात होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सीट पूर्ण वर घेतली आणि लेकीला बंपरला टेकून उभं राहायला सांगितलं. मला ती दिसेना. आवाज येत होता, "आई, मी इथे आहे", पण समोर फक्त बॉनेट आणि त्यापलीकडे पार्किंग. मी तिला एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. पाचव्या पावलाला तिच्या केसांतला पिवळा रबरबँड दिसला, सातव्याला कपाळ. आमचं घर कल-डी-सॅकवर, म्हणजे बंद टोकाच्या गल्लीत आहे. संध्याकाळी आठ-दहा पोरं तिथे सायकल चालवतात आणि त्यातली निम्मी तिच्याएवढी किंवा तिच्याहून लहान आहेत.

मी तेव्हापासून याबद्दल वाचते आहे. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एक अभ्यास दिला. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक बसली, तर ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. टॅकोमाला पादचारी ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा सगळ्या श्रेणींत आहे. वरच्या श्रेणींत चारी बाजूंचा कॅमेराही मिळतो. पण ड्राइव्हवेतून निघताना मी दर वेळी पडद्याकडे बघेन याची खात्री मला स्वतःलाच देता येत नाही.

हौद्याचंही सांगते. मी एक ढोल सोबत नेला होता. सेल्समनने काही न विचारता फाळका उघडून दिला, त्याबद्दल त्याचे आभार. ढोल आडवा ठेवला तर कठड्याच्या वर चार बोटं राहतो. म्हणजे सपाट कव्हर चालणार नाही, फायबरचा उंच टॉपर, म्हणजे हौद्यावरचं बंद छत, लागेल. पावसात ढोलाचं पान भिजलं की त्याचा आवाज बसतो हे पथकवाल्यांना सांगायला नको.

वजनाचं गणित ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. मी पाहिलेल्या गाडीवर माणसं आणि सामान मिळून १,२४० पाउंड होतं. आम्ही चौघं आणि मुलांच्या सीटा ४३० धरा, टॉपर १८०. उरले ६३०. बारा ढोल २४० मध्ये बसतात, ताशे-ध्वज धरूनही प्रश्न नाही. मातीचं मात्र तसं नाही. एक घनयार्ड मातीचं वजन दोन हजार पाउंडांच्या पुढे जातं, म्हणजे टॉपर काढून एकटी गेले तरी अर्ध्या यार्डावर थांबावं लागेल. मल्च हलका, त्याची चिंता नाही. ६,५०० पाउंड ओढण्याचा आकडा जाहिरातीत मोठा छापतात, पण आम्हाला ओढायचं काहीच नाही.

गॅरेज मोजून झालं. आतून २२६ इंच, गाडी २१३. उरलेल्या तेरा इंचांत मागचं दार आणि माझा हात दोन्ही बसवायचे आहेत. जमिनीवर मास्किंग टेपने गाडीचा आराखडा आखून दोन दिवस त्याभोवती चालून पाहिलं, कचऱ्याचा डबा बाहेर जाईल, बाकी जमेल.

इतर गाड्यांबद्दल थोडक्यात. शेव्हरोले कोलोरॅडो आणि फोर्ड रेंजर दोन्ही बघितल्या. चांगल्या आहेत, पण बॉनेटची तीच गोष्ट. निसान फ्रंटियरचा व्ही-६ आवडला, फिरवायला जड वाटली. फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड शहरात सगळ्यात शहाणी गाडी, पण साडेचार फुटांच्या हौद्यात आमचे ढोल दोन खेपांशिवाय जात नाहीत. उरली होंडा रिजलाइन. तिला वेगळी चासी नाही, कारसारखी एकसंध बांधणी आहे, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. पाय ठेवायला मागे ३६.७ इंच. हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद डिकी, त्यात टोल, थापी, दोऱ्या सगळं मावेल. फाळका खालीही पडतो आणि दारासारखा बाजूलाही उघडतो, म्हणजे मला आत वाकायला लागत नाही. पण ती २०१७ पासून मूळची तीच आहे, आणि नवी गाडी घेताना इतकं जुनं डिझाइन घ्यावं का, असं मन म्हणतं.

किमतीचं काय विचारता. एका डीलरने (नाव लिहीत नाही) फोनवर ४२ हजार सांगितले आणि आम्ही पोचल्यावर कागदावर ४६ दाखवले. टायरमधला नायट्रोजन, दारांच्या कडांची फिल्म आणि काचेवरचं कोरीवकाम आधीच लावून झालं होतं आणि काढता येणार नव्हतं. दोन मुलं घेऊन तासभर गाडी हाकत गेलेल्या माणसाशी असं वागू नये. आम्ही उठून आलो.

तर मला हवं आहे ते असं:

ज्यांच्याकडे २०२४ किंवा त्यानंतरची टॅकोमा आहे आणि घरात लहान मुलं आहेत, त्यांनी मागे सीट कशी बसवली? सहा महिन्यांनी त्रास वाटतो की सवय होते?

कमी उंचीच्या बायका ही गाडी रोज चालवतात का? बॉनेटपुढचं न दिसणं कसं सांभाळता?

इथल्या हिवाळ्यातल्या मिठामुळे चासी गंजते. जुन्या टॅकोमांच्या गंजाबद्दल टोयोटाला २०१६ मध्ये मोठी तडजोड करावी लागली होती. नवीला दर ऑक्टोबरमध्ये खालून तेलाचा फवारा मारून घ्यावा का?

आणि इलिनॉयमध्ये पिकअपला बी प्लेट, म्हणजे ट्रकची नंबरप्लेट, लागते. आमच्या घरमालक संघाच्या नियमांत "ट्रक रात्री बाहेर उभा करू नये" असं आहे. बी प्लेटची पिकअप त्यात धरतात का, कोणाला अनुभव?

मनापासून आभार.

---

भर, तीन दिवसांनी

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमलं नाही, म्हणून इथेच लिहिते.

ज्यांनी हायब्रिड सुचवली त्यांना: ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यांत चारचाकी ड्राइव्हची साधी टॅकोमा गॅलनला साधारण २१ मैल देते आणि हायब्रिड २३. ती ताकदीसाठी आहे, पेट्रोल वाचवण्यासाठी नाही. शिवाय बॅटरी मागच्या सीटखाली जाते, तिथे मला डायपरची पिशवी ठेवायची होती.

भारतातली हायलक्स म्हणजेच टॅकोमा का, असं दोघांनी विचारलं. नाही. भारतात २०२२ पासून मिळणारी हायलक्स फॉर्च्युनरच्या घरातली, डिझेलची. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के कर आहे, तोच युरोपशी कोंबडीच्या व्यापारावरून झालेल्या भांडणातून आलेला "चिकन टॅक्स". टॅकोमा १९९५ पासून या बाजारासाठी वेगळी बनते.

ज्या ताईंनी मिनीव्हॅनच घ्या आणि मागे छोटा ट्रेलर जोडा असं लिहिलं, त्यांचं म्हणणं मी दोन रात्री घोळवलं. हिशेब बरोबर आहे. पण ट्रेलर ठेवायला आमच्याकडे जागा नाही, आणि ढोल उघड्या ट्रेलरवर नेणार नाही. तरीही तुमच्या एका वाक्याने मी हलले, की सतरा दिवसांची गाडी घेताना उरलेल्या दिवसांत आत बसणाऱ्यांना विचार. मी विचारलं. लेक म्हणाली, ज्या गाडीत तुला मी दिसते ती घे.

रिकॉलची (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आठवण करून देणाऱ्यांचेही आभार. २०२४-२५ च्या चारचाकी ड्राइव्ह टॅकोमांच्या मागच्या ब्रेक होजचा रिकॉल आहे. कोणतीही वापरलेली गाडी बघताना तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून मगच पुढे जाईन.

काल रिजलाइन पुन्हा पाहिली, या वेळी दोन्ही मुलं, सीट आणि ढोल घेऊन. धाकट्याची सीट नवऱ्याच्या मागे बसली आणि त्याचे गुडघे मोकळे राहिले. लेक बंपरपाशी उभी राहिली. तिसऱ्या पावलाला रबरबँड, चौथ्याला अख्खा चेहरा. इथेही शून्य नाही, पण माझ्यासाठी हा फरक मोठा आहे. हौदा उथळ, ढोल टॅकोमापेक्षाही वर येतो, त्यामुळे टॉपर इथेही लागणार, आणि तो उंच छताचा लागेल.

म्हणून आता प्रश्न एवढाच उरला आहे. रिजलाइनवर उंच टॉपर कोणी बसवला आहे का? त्याचं मागचं दार बंद असताना फाळका बाजूला उघडतो, की आधी दार वर करावं लागतं? आणि दहा फुटी काठ्या आत तिरक्या जातील की टपावर रॅक लावावा? पुढच्या शनिवारी सरावाला सगळे ढोल माझ्या गॅरेजमधून निघायचे आहेत. तोवर कोणी मोजून सांगितलं तर मी त्याच संध्याकाळी ऑर्डर देईन.