मदत हवी आहे : जर्मनीला नर्स म्हणून जायचंय, एजंटवर विश्वास ठेवू का?

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, मूळची सांगलीकडची, सहा वर्षं पुण्यात आयसीयूत. जर्मन भाषेची बी-१ पातळी पास झाले, आता पुढच्या बी-२ची तयारी चालू आहे. नाइट ड्यूटीत सिरिंज पंपांच्या पीं-पीं आवाजात ‘डेर, डी, डास’ (जर्मन नामांची लिंगं) घोकते. वॉर्डातल्या मावशी म्हणतात, पोरीला लागीर झालंय.

आधी यूकेचा विचार होता. पण आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला ६.५ लागतात, माझे दोनदा ६ वर अडले. मग तो नाद सोडला.

आता मुख्य अडचण. एक एजंट तीन लाख मागतोय, शिवाय मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ओरिजिनल त्याच्याकडे ठेवायचं म्हणे. पैशाचं एक वेळ बघू, पण ओरिजिनल कागद? माझ्या पोटात गोळाच आला. वडील म्हणतात, “दे की, सगळेच देतात.” खरंच सगळे देतात?

दुसरं, तिथे आपल्या शिक्षणाची मान्यता, म्हणजे आनेरकेनुंग, होईपर्यंत सहायक म्हणूनच राबावं लागतं ना? आमच्या शिक्षणात कमी दाखवली तर केंटनिसप्र्यूफुंग ही परीक्षा द्यायची की अनुकूलन कोर्स (उणीव भरून काढणारं प्रशिक्षण) करायचा? जीएनएमवाल्यांनी काय केलं? परीक्षेत रुग्णासमोर जर्मनमध्ये बोलायचं, याचीच धास्ती जास्त आहे.

केरळच्या मुली सरकारी ‘ट्रिपल विन’ या नर्सभरतीच्या योजनेतून जर्मनीला जातात, त्यांना एजंटची फी नाही. आपल्याकडून असं कुणी गेलंय का? ताई-दादांनो, स्वतः गेलेल्यांनीच सांगा. एजंटांनी इनबॉक्समध्ये येऊ नये.