दोन गाण्यांच्या मधे काय करायचं? (निवेदकाला हाकला म्हणणाऱ्यांसाठी)

काळी_चार:
परवा आपल्याच कोल्हापूरकरांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. "दोन गाण्यांमधे दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या बँडनं आधी तालीम करावी, मग तिकिटं विकावीत. आणि निवेदक नावाचा प्राणी स्टेजवरून खाली उतरवावा." खाली अंगठेच अंगठे. त्यात आमचा ढोलकीवालाही होता. त्याच्याशी मी वेगळं बोलेन.

सोळा वर्षं तबला वाजवतोय, म्हणून सांगतो. काळी एकमधे (पेटीची पहिली काळी पट्टी म्हणजे त्या गायकाचा 'सा') गाऊन गायक बसला आणि काळी चारमधे गाणारी उभी राहिली, की कीबोर्डवाला सूर बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबतो, सुटला तो. तबल्याला बटण नसतं. काळी एकचा तबला लहान तोंडाचा, काळी चारचा मोठ्या तोंडाचा. वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं कितीही ठोका, एकाचा दुसरा होत नाही. म्हणून तीन-तीन तबले रिक्षात घालून न्यायचे. नेलेलाही त्या क्षणी सुरात असेल याची खात्री नाही. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सुरात उतरते, एसीच्या कोरड्या हवेत चढते. गिटारला नव्या तारा घातल्या असतील तर त्या ताणतच राहतात. एवढं सगळं दहा सेकंदांत? मग बेसूर वाजवू का?

शेवटची_रांग:
ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

तबला सुरात मिळवा की, कोण नको म्हणतंय? पण आमच्या तोंडावर कशाला? शनिवारी गाणं संपलं, स्टेजवर फटफटीत उजेड, गायक बाटलीनं पाणी पितोय, गिटारवाला टुंई टुंई करत तारा पिळतोय आणि दोघं कागदात डोकं घालून "पुढचं कुठलं रे?" हे "पुढचं कुठलं रे" माइकमधून बाल्कनीपर्यंत ऐकू आलं. अडीचशेचं तिकीट यासाठी काढलं नव्हतं.

मिक्सरमागे:
साउंडवाला बोलतोय, दोघांनीही ऐका. गिटारवाल्याच्या पायाशी ट्यूनर पेडल असतो. दाबला की आवाज बंद, तारा निवांत मिळवा, कुणाला कळत नाही. पेडल असतो, दाबायची आठवण नसते. मी मागनं हात हलवून दमतो. कीबोर्डवाल्यानं पुढच्या गाण्याचा सूर नुसता धरून ठेवला तरी हॉल रिकामा वाटत नाही. तोही करत नाही, कारण तो मोबाइल बघतोय.

आणि काळी_चार, गाण्यांची यादी कोण लावतं तुमच्यात? काळी एकची तीन गाणी सलग घेतली तर तबला एकदाच बदलेल ना?

काळी_चार:
यादी गायकांच्या मानापमानावर लागते, सुरावर नाही. प्रत्येकाला सुरुवातीचं आणि शेवटचं पाहिजे. तुम्ही मिक्सरमागे सुखी आहात.

माइकवाली_ताई:
"प्राणी" वाचलं. धन्यवाद हं. नऊ वर्षं निवेदन करते. माझ्या वहीत दोन गाण्यांमधे तीस-चाळीस सेकंदांचा मजकूर असतो आणि तो मी तबल्याकडे बघत बोलते. त्यांनी मान हलवली की माझं वाक्य संपतं. हे प्रेक्षकाला दिसत नाही आणि दिसूही नये. चाळीस सेकंदांची चार मिनिटं होतात ती विंगेतून चिठ्ठी आल्यावर. "ताई, अमुक साहेब आलेत, नाव घ्या." मग शाल, मग श्रीफळ, मग "दोन शब्द". शिव्या मला.

पेठेतला:
आता कसं बोललीस ताई! सत्कार हाच खरा रोग हाय. आमच्या गल्लीत गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवलावता. उघड्यावर दहाला आवाज बंद करायला लागतो. साडेआठला सुरू झालं, त्यातला पाऊण तास सत्कारात गेला. अकरा नारळ मोजलेत मी. ज्या गाण्यासाठी पोरं पुढं येऊन बसलीती, ते यादीत खाली. पोलीस आले, माइक बंद. पोरं म्हणाली, नारळ तरी वाटा.

शेवटची_रांग:
आमचा कार्यक्रम बंद हॉलमधला होता. 2000 च्या ध्वनी नियमांत बंदिस्त सभागृहाला रात्री दहानंतर सूट आहे. तेव्हा ती सबब नको.

पेठेतला:
मी माझ्या गल्लीचं सांगतोय लगा, तुझ्या हॉलचं कोण बोलतंय? नियम शिकवतोय! सणासुदीचे मोजके दिवस बारापर्यंत मिळते परवानगी, तेबी म्हाइत हाय आम्हाला. तो दिवस त्यात नव्हता.

वर्गणीदार:
सत्काराला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा मंडळ चालवून बघावं. तो नारळ ज्याच्या हातात जातो त्याच्या पैशांवर बँड येतो. वर्गणी मागायला गेलो की हीच माणसं दार लावून घेतात.

पेठेतला:
दार लावतो, कारण मागच्या वर्गणीचा हिशेब अजून आला नाही.

वर्गणीदार:
समोर येऊन बोल. मिरजकर तिकटीला असतो मी रोज संध्याकाळी.

माइकवाली_ताई:
दोघंही थांबा. पैसे देणाऱ्याचा मान ठेवा, पण सगळे नारळ एकदम मध्यंतराला द्या. मी हे प्रत्येक आयोजकाला सांगते, ते "हो हो" म्हणतात आणि तिसऱ्या गाण्याला चिठ्ठी येते.

जुना_प्रेक्षक:
तुमच्या भांडणात एक विसरलात. आपल्या कोल्हापूरचं पॅलेस थिएटर 1915 साली उभं राहिलं तेव्हा यातलं एकही यंत्र नव्हतं. संगीत नाटकात पदाआधी ऑर्गनचा सूर यायचा आणि त्या सुरावर लोक सावरून बसायचे. वडील सांगायचे, "वन्स मोर" आला की नट उभ्या जागी पद परत घ्यायचा. मधल्या वेळाची भीती कुणाला नव्हती. पुढं त्याच थिएटरला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळताना मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूनं बघत उभा होतो. तिथं ऐकलेल्या कार्यक्रमांतले थांबे मला आठवत नाहीत, गाणीच आठवतात.

शेवटची_रांग:
काका, त्या आगीचं आम्हालाही वाईट वाटलं. पण नटाचा सूर सगळ्या पदांना जवळपास तोच. इथं बारा गायक आणि बारा सूर.

काळी_चार:
वा! म्हणजे सुराची अडचण तुम्हाला आधीपासून कळत होती, फक्त पोस्टमधे लिहायची राहिली.

शेवटची_रांग:
कळली. तुमच्यामुळंच कळली, खूष? निवेदिकाबाईंना "प्राणी" म्हणालो तेही मागं घेतो. त्या शनिवारी नव्हत्या. जो होता त्याच्याबद्दल घेत नाही, त्यानं तीन वेळा आवाज टेस्ट केला आणि एक पाचकळ विनोद दोनदा सांगितला.

मिक्सरमागे:
तो विनोद मी बावीस वेळा ऐकलाय. त्याला माइक देऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं.

काळी_चार:
बरं, मीही एक कबूल करतो. शनिवारी तबल्यावर मी नव्हतो, पण "पुढचं कुठलं रे" आमच्याकडेही होतं. त्याला तबला जबाबदार नाही. यादी प्रत्येकाच्या पायाशी चिकटवायची असते, आम्ही एकच कागद फिरवतो.

शेवटची_रांग:
मग दहाचे पंधरा सेकंद केले. वर एकही नाही.

काळी_चार:
सूर तोच असेल तर पंधरा. तबला बदलायचा असेल तर चाळीस, आणि तेवढा वेळ ताई बोलणार.

पेठेतला:
आणि नारळ?

वर्गणीदार:
मध्यंतराला. पण नाव मोठ्यानं घ्यायचं.