डॅमसेल भांडखोर नाही, शेतकरी आहे भो

भाऊ तुम्ही लिहिलंय की खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या निळ्या डॅमसेल माशाने नवीन आणलेल्या माशाचे पंख फाडले, तो सायको आहे, दुकानात परत देऊ का. अहो तो सायको नाही, त्याचा बांध कोरला गेलाय! आपल्याकडे रावेर-यावलला केळीच्या बांधावरून भावाभावात कोर्टकचेरी होते ना, तसंच. डॅमसेलच्या बऱ्याच जाती खरंच शेती करतात, प्रवाळावरचा एक तुकडा धरायचा, तिथं शेवाळ वाढवायचं आणि ते खायला कोणी आलं की पिटाळायचं, मग तो पाचपट मोठा असो नाहीतर पाणबुड्या माणूस असो, त्यालाही चावे घेतात. स्टेगास्टीस निग्रिकन्स नावाचा तर चक्क निंदणी करतो, नको ते शेवाळ तोंडाने उपटून वाफ्याबाहेर नेऊन टाकतो आणि पॉलिसायफोनिया हे त्याच्या खाण्याचं शेवाळ तेवढं ठेवतो. (आमच्याकडे निंदणीला मजूर मिळत नाही, हा फुकटात करतो.)

त्यात नर असेल आणि दगडाला अंडी चिकटलेली असतील तर विचारूच नका, मादी अंडी घालून मोकळी, राखण आणि पंखाने वारा घालणं सगळं बाप्याकडे, भूक लागली तर त्यातलीच थोडी खातो पण.

परत देऊ नका. दगडांची मांडणी पूर्ण बदला, म्हणजे जुनी हद्दच राहत नाही, आणि नवीन मासा त्याच वेळी सोडा. पुढच्या वेळी डॅमसेल सगळ्यात शेवटी.