विषय: मुलाला लॉ करायचंय, लॅटिनो मुलांच्या प्री-लॉ ग्रुपबद्दल कोणाला माहिती आहे का?

नमस्कार मंडळी,
मुलगा इथे अमेरिकेत कॉलेजच्या सेकंड इयरला आहे, सुट्टीत घरी आला आणि जेवताना म्हणाला मला लॉ स्कूलला जायचंय. आमच्या दोन्ही घरांत सगळे इंजिनियर नाहीतर बँकेत, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हेच ऐकत मोठे झालो, त्यामुळे कोणाला काय विचारायचं तेच कळत नाही. त्याचा मेक्सिकन रूममेट त्याला दर बुधवारी लॅटिनो मुलांच्या प्री-लॉ, म्हणजे लॉ स्कूलची तयारी करणाऱ्या, ग्रुपला घेऊन जातो. ह्यांचं म्हणणं, आपला तिथे काय संबंध? कोणाची मुलं गेलीयेत का?

---

उत्तर:

ताई, बिनधास्त जाऊ द्या त्याला! माझी लेक चार वर्षं अशाच ग्रुपला जात होती, त्यांच्याकडे कोणालाही यायला मोकळीक होती, आता ती लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे आधी डिग्री आणि मग तीन वर्षं जेडी म्हणजे लॉची डिग्री, आधीच्या डिग्रीचा मेजर (मुख्य विषय) कुठलाही चालतो, एलसॅटची म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची फी परवडत नसेल तर माफी मागता येते, हे सगळं तिला तिथेच कळलं, आम्हाला कुठे काय माहीत होतं. त्यातली बरीच मुलं घरातली पहिलीच कॉलेजला आलेली, त्यामुळे एकाला कळलं की तो दहा जणांना सांगतो.

एकदा मी तिला घ्यायला गेले तर मीटिंग चालूच होती, टेबलावर त्यांचा तो गोड पाव, पान दुल्से, आणि एक वकीलबाई एका मुलाचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध, वाचत होत्या. त्याने शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की नऊ वर्षांचा असताना घरमालकाची नोटीस आईला स्पॅनिशमधून त्यानेच समजावून सांगितली. बाईंनी ती ओळ लाल पेनने गोल केली, बाण काढून वर नेली, म्हणाल्या इथून सुरू कर. तो मुलगा रडायलाच लागला हो.

आणि त्यांना त्यांचा इतिहास पाठ आहे. 1954 ची हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास केस लेकीने मला तिथून येऊन सांगितली. जॅक्सन काउंटीत 25 वर्षांत एकही मेक्सिकन नावाचा माणूस ज्युरीवर नव्हता, आणि सरकारी बाजू म्हणे की मेक्सिकन गोरेच धरले जातात, मग भेदभाव कसला! पण त्याच कोर्टाच्या इमारतीत पुरुषांचे दोन संडास, एकावर काही पाटी नाही आणि दुसऱ्यावर ‘कलर्ड मेन’, म्हणजे काळे पुरुष, आणि खाली ‘ओंब्रेस आकी’, म्हणजे पुरुषांनी इकडे. गस गार्सिया आणि कार्लोस कादेना हे मेक्सिकन-अमेरिकन वकील ती सुप्रीम कोर्टात लढले आणि निकाल एकमताने त्यांच्या बाजूने लागला.

---

उत्तर:

वहिनी, ह्यांना सांगा संबंध आहे. सखाराम गणेश पंडित म्हणून वकील होते लॉस एंजेलिसला, मूळचे मुंबई इलाख्यातले. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबहून आलेले भगतसिंग थिंड गोरे नाहीत म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत असं ठरवलं, त्या केसमध्ये पंडित थिंडच्या बाजूने होते. मग सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं, तर ते स्वतः लढले आणि जिंकले. मुलाला म्हणावं हे बुधवारी ग्रुपमध्ये सांग.

---

उत्तर:

ताई, काका, खूप आभार. ह्यांना दोन्ही मेल वाचून दाखवल्या, पंडितांचं दोनदा वाचायला लावलं. ताई, लेकीचा नंबर मला वेगळ्या मेलवर पाठवाल का, एलसॅटची तयारी कधी सुरू करायची ते मुलाला तिलाच विचारायचंय.