समुद्राच्या तळाशी काय पाहिलंत? (अनुभव धागा)

किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर बोलून झालंय. पाण्याखालचा कुणी पाहिलाय का? सुरुवात मी करते.

मालवणला पहिल्यांदाच स्कूबा करत होते. इन्स्ट्रक्टरने बोट दाखवलं, मला वाटलं पोपटमासा असेल. बघते तर खडकाला नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं, त्यावर शेवाळ, आणि आत एक खेकडा. हलत होता अजून. इन्स्ट्रक्टरने सुरी काढून चार दोरे कापले, तेवढ्यात माझी वेळ संपली. खेकडा सुटला का, ते विचारायचं राहिलंच. नंतर व्हिडिओ मिळाला, त्यात फक्त रंगीत मासे.

वेसावकर
आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं. खुंटाला बांधलेली, भरती-ओहोटीच्या ओढीने येईल ते आत घेते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावरच्या पहिल्या खेपांना तर बोंबील कुठे आणि पिशव्या कुठे, कळत नाही. आई निवडायला बसते. सगळ्यात वैताग जवळ्याचा. शाम्पूच्या पुडीचे फाडलेले कोपरे जवळ्याएवढेच बारीक, एकेक चिमटीने काढायचे. आणि काढलेलं जातं कुठे? परत पाण्यात. खोटं कशाला बोलू? बंदरावर आणलं तर ठेवायला जागा नाही, उचलायला गाडी नाही. बापाला बोललो तर म्हणतो, "आपण टाकत नाय, जिथलं तिथं ठेवतो."

शंकासुर
पण प्लास्टिक तरंगतं ना?

पॉलिमरवाला
सगळं नाही. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५, नायलॉनची १.१४. तुटलेलं जाळं बुडणारच, आणि तळाशी मासे धरत राहणार. पाण्याची बाटली झाकण असेपर्यंत तरंगते, उघडी असली की भरून खाली. पिशवी मुळात हलकी, पण तिच्यावर शेवाळ-शिंपले चढले, आत गाळ भरला की तीही बसते.

एकेकाळचा कोल्लमकर
नोकरीमुळे काही वर्षं केरळात होतो. कोल्लमच्या नीण्डकरा बंदरावर २०१७ पासून 'शुचित्व सागरम्' सुरू झालं. ट्रॉलरवाल्यांना पिशव्या द्यायचे, जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यांनी बंदरावर आणून द्यायचं. तिथे बायका ते निवडायच्या, धुवायच्या. मग तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. वेसावकर, तुमच्याकडे असं काही झालं तर लोक आणतील?

वेसावकर
पहिलं पोतं आमचं. आजच आईला एक चप्पल मिळाली, उजव्या पायाची, चांगली धड. मागच्या आठवड्यात तसलीच डावी आली होती. ती परत सोडली.