कोंढव्यात घर घ्यावं का? की इकडेच शोधत राहावं?

सिंहगडरोडकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे बारामतीकडचे, सध्या पुण्यात सिंहगड रोडला भाड्याने राहतो. ओनरला फ्लॅट विकायचाय म्हणून दुसरं घर बघतोय, टू बीएचके, बजेट ठीकठाक. नवरा हिंजवडीला, मुलगी कर्वेनगरला मराठी शाळेत. अडचण फक्त आडनावाची, शेख. फोनवर माझं बोलणं ऐकून ब्रोकर एकदम खुशीत असतो, या ताई संध्याकाळी चावी घेऊन येतो म्हणतो, आणि ॲग्रीमेंटसाठी आधार पाठवलं की "सॉरी मॅडम, ओनरच्या भाच्याला दिला". तोच फ्लॅट परवा परत ॲपवर दिसला, भाडं हजाराने कमी करून. भाच्याला परवडलं नाही वाटतं!

सासूबाई म्हणतात कशाला रोज अपमान करून घेता, कोंढव्यात घ्या, मामू तिथेच आहेत, मशीद जवळ, मटण जवळ. नवरा म्हणतो कोंढव्यातून हिंजवडी म्हणजे अर्धं आयुष्य सिग्नलला. मला तिकडं राहायचंच नाही असं अजिबात नाही, पण कुणी घर देत नाही म्हणून तिकडं जायचं हे काही पटत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी खरं खरं सांगा.

मिठानगरवाला

सलाम ताई. मी आधी भवानी पेठेत होतो, वाडा पडला म्हणून इकडे आलो, बऱ्याच वर्षांपासून आहे. चांगलं आधी सांगतो. रात्री बारा वाजता पोराला ताप आला तर चार दारं उघडतात. रमजानमध्ये कौसरबागेत पहाटेपर्यंत जाग असते, अख्ख्या पुण्यातून लोक खायला येतात आणि आमच्याच दारात गाड्या लावून जातात ते सोडा.

आता दुसरी बाजू. उन्हाळ्यात टँकर, त्याची वर्गणी मेंटेनन्सच्या वर. लुल्लानगर चौकातली ट्रॅफिकची कोंडी तुम्हाला माहितीच असेल. कात्रज-कोंढवा रस्त्याचं काम 2018 ला सुरू झालं, 84 मीटर रुंद करणार होते, जागा घ्यायचा खर्च झेपेना म्हणून 50 वर आणला, आणि आम्ही अजून ट्रकच्या मागे धूळ खातोय. महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, निवडणूक थेट जानेवारी 2026 ला, मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाही, ड्रेनेज तुंबलं तर सांगायचं कुणाला? आणि निवडणुकीत काय, एका बाजूला वाटतं ही मतं जाणार कुठे, दुसऱ्या बाजूला वाटतं मिळणारच नाहीत, मग आमच्या गल्लीत वेळ कोण घालवणार. पाण्याबद्दल विचारलं तर भाषण देशाच्या राजकारणावर.

विकत घेणार असाल तर एकच सांगतो, गुंठ्यातली बिल्डिंग, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर परवानगीशिवाय बांधलेली, आहे का ते आधी बघा, भोगवटापत्र म्हणजे बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला मागा, नसेल तर बँक लोन देत नाही आणि बिल्डर गोड बोलून रोख मागतो. कोंढव्यातच एनआयबीएम रोडच्या बाजूला कागद जरा बरे असतात, रेट मात्र डोळे पांढरे करणारे.

सेक्रेटरी_वारजे

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे म्हणून आतलं सांगतो. ब्रोकर "सोसायटी परवानगी देत नाही" म्हणाला तर सरळ लेखी मागा. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीच्या परवानगीची गरज नाही, नुसतं कळवायचं असतं. नोंदणी केलेलं ॲग्रीमेंट आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली की झालं. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी घेते ते, पण सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. सोसायटीचं नाव पुढे करणारे निम्मे ओनर स्वतःच तयार नसतात, आणि काही ठिकाणी उलटं असतं, ओनर तयार पण मीटिंगमध्ये दोन जण "वातावरण" म्हणून कुजबुजतात, मिनिट्समध्ये त्यातला एक शब्द येत नाही. लेखी मागितलं की कुजबुज थांबते हा अनुभव आहे. पण ओनरच नाही म्हणाला तर कायद्यात फार काही हाताला लागत नाही. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत, खाजगी घरमालक नाही.

ठोकपाल

तुमच्या एरियात आम्हाला घर देतात का? आधी ते सांगा. शिवाय घरात मटण शिजणार, बाकीच्यांनी वास का घ्यायचा?

मिठानगरवाला

@ठोकपाल या की, आमच्या वरच्या मजल्यावर सोलापूरचे एक हिंदू भाडेकरू आहेत, ओनर मुसलमान, आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त वेळा मटण शिजतं.

नानापेठी

मटणावरून कशाला, सदाशिव पेठेच्या बाहेर अर्धं पुणं रविवारी मटणाच्या लाइनीत असतं.

ताई, माझं वय झालं, जन्म नाना पेठेतला. आमच्याकडे पालखीला निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांचा मुक्काम असतो, मोहल्ल्यातली पोरं दरवर्षी वारकऱ्यांना पाणी, केळी वाटतात, कुणी सांगावं लागत नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला विसावाच अनगडशहा बाबांच्या दर्ग्याला. 2023 ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबरला, तेव्हा मिलादची मिरवणूक पुढे ढकलली, पुढची दोन वर्षं पण तारखा चिकटूनच होत्या. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती पुढे गेले, मुसलमानी हिजरी वर्षात अधिक महिना नसतो म्हणून मिलाद ऑगस्टमध्येच, आता परत अशी गाठ पडायला तीसेक वर्षं. पेपरात काय फोटो येतात पालखीतल्या पाणीवाटपाचे! टोपीवाला पाणी देतोय, टाळकरी पितोय, वर हेडिंग ऐक्याचं. फोटो खोटा नाही हो, मी स्वतः त्या गर्दीत उभा असतो. पण त्याच पेपरच्या आतल्या पानावर "फक्त शाकाहारी कुटुंबासाठी" ही जाहिरात असते आणि त्यातलं शाकाहारी म्हणजे काय हे तुमच्या ब्रोकरला बरोबर कळतं. एका दिवसाचं पाणी सगळे पितात, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आलं की भाचा उगवतो.

आणि पेठेतल्या आमच्या लोकांना पण सांगून झालंय, सगळे उठून कोंढव्याला गेलात तर इथल्या पोरांना मुसलमान मित्र फक्त मोबाइलवर दिसणार. ऐकत नाहीत, वाडे पडतायत, ते तरी काय करणार.

तुम्हाला पेठेत चालेल का? जुनी बिल्डिंग आहे, लिफ्ट नाही, पार्किंग विसरा. ओनर माझ्या बघण्यातला आहे, नाव विचारणार नाही, डिपॉझिट मात्र घासाघीस न करता घेईल.

सिंहगडरोडकरीण

सगळ्यांचे आभार, ठोकपाल सोडून 😄. सेक्रेटरी दादा, लेखी मागण्याचं आजच एका ठिकाणी करून बघितलं, ब्रोकरने ब्लू टिक करून गप्प बसणं पसंत केलंय. मिठानगरवाले भाई, मामूंना भोगवटापत्राचं विचारलं तर म्हणाले "वो क्या होता है", म्हणजे तिकडचं विकत घेणं तूर्त कॅन्सल.

नानापेठी काका, मजला कितवा? सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि तिथून कर्वेनगरला शाळेची व्हॅन मिळते का, का रिक्षाच लावावी लागेल? रविवारी अकराच्या सुमारास आलो तर दाखवाल का.