पाऊस लागला की कुत्रा लॉबीच्या पायरीवरच पाय रोवतो, शू १५-१६ तास दाबून ठेवतो

पागोळी:
ठाणे, सातवा मजला. कुत्रा देशी, नर, तीन वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन १८ किलो. एरवी सकाळी साडेसहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन फेऱ्या. पाऊस असला की लिफ्टपर्यंत उड्या मारत येतो आणि लॉबीच्या शेवटच्या पायरीवर पाय रोवतो. ओढलं तर मान खाली घालून पट्ट्यातून निसटायला बघतो. रात्री दहानंतर थेट दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शू, असं आठवड्यात तीनदा झालंय. घरात किंवा बाल्कनीत अजिबात करत नाही. रेनकोट घातला की पुतळा होतो, छत्री उघडली की मागच्या मागे पळतो. उघडीप मिळाली तरी ओल्या गवतावर पाय टेकवत नाही.

तीन प्रश्न आहेत. इतके तास दाबून ठेवणं कितपत चालतं? रेनकोटची सवय लावता येते का? आणि बाल्कनीत सोय केली तर तो बाहेर करायचं कायमचं सोडेल का?

चिखलपाय:
आधी तासांचं बघू. धडधाकट मोठा कुत्रा आठ-दहा तास आरामात काढतो, कधीमधी बारा. रोजच पंधरा-सोळा मात्र नकोत. लघवी साचून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो आणि घट्ट लघवीत खडे धरायला वाव मिळतो. २४ तास उलटले तर पाऊस थांबायची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. तो पाय वर करून जोर लावतोय पण धार येत नाही, नुसते थेंब पडतायत किंवा लालसर दिसतंय, तर तो पावसाचा रुसवा नाही. नराचा मूत्रमार्ग खड्याने अडकू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही.

बाहेर जात नाही म्हणून पाणी कमी देणारे बरेच जण असतात. ते करू नका. पाणी तोडलं की लघवी आणखी घट्ट होते, म्हणजे नेमकं नको तेच.

आता पायरी. ओढणं आजपासून बंद. कुत्र्याला पुढे ओढलं की तो आपोआप मागे जोर लावतो, त्यात हट्ट वगैरे काही नसतो. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, म्हणजे निसटायची भीती संपली आणि मानेवरचा ताणही. मग त्या पायरीवर दोन मिनिटं त्याच्याशेजारी नुसते उभे राहा आणि तो काय ऐकतोय ते ऐका. पार्किंगच्या पत्र्यावर पडणारा पाऊस आणि पन्हाळीतून कोसळणारी धार आपल्याला मोठी वाटते, त्याला तर कितीतरी पट मोठी. बऱ्याच कुत्र्यांना पाण्याची अडचण नसतेच, त्या आवाजाखालून जाण्याची असते. दुसऱ्या दाराने, पन्हाळ नसलेल्या बाजूने नेऊन बघा.

खरं काम कोरड्या दिवशी करायचं आहे: शूला एक शब्द जोडायचा. तो पाय वर करून धार सुरू करेल तेव्हा शांतपणे ‘शू कर’ म्हणा, एकदाच. धार संपली की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. धार चालू असताना तुकडा दाखवला तर तो अर्धवट सोडून तुमच्याकडे येईल, हे हमखास होतं. रोज तीन वेळा धरलं तर दोन आठवड्यांत चाळीसेक वेळा होतं. मग शब्द धारेच्या आधी, तो वास घेत घुटमळत असताना म्हणायला लागा.

आणि हा भाग बहुतेक जण उलटा करतात: कोरड्या दिवशी शू झाल्याझाल्या घरी वळू नका, दहा मिनिटं फिरवा. नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे तो पक्कं शिकतो आणि दाबून धरायला लागतो. पावसात मात्र शू झाली की ताबडतोब घर. तिथे घरी जाणं हेच त्याचं बक्षीस.

दोरी_सैल:
+१. शूची फेरी आणि फिरण्याची फेरी पावसाळ्यात वेगळ्याच धरा. पावसातली फेरी तीन मिनिटांची असते.

ओल्या जमिनीची भीती घालवायला पाऊस लागतच नाही. पार्किंगमधल्या छपराखाली एक मग पाणी ओतून दोन फुटांचा ओला पट्टा करा आणि त्याच्या कडेला पाच-सहा तुकडे टाका. पुढचे पाय ओले करून खाल्लं की झालं, तेवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टा मोठा करा. नंतर ओलं गवत. मग दहा फुटांवर कुणालातरी झारीने पाणी ओतायला सांगा आणि तो खात असेल तरच अंतर कमी करत आणा. एकच खूण लक्षात ठेवा: आवडता तुकडा समोर असून तो नाकारतोय, म्हणजे तुम्ही फार पुढे गेलात. दोन पावलं मागे या. एका वेळेला पाच मिनिटांच्या वर नको.

रेनकोटबद्दल स्पष्ट सांगायचं तर १८ किलोच्या देशी कुत्र्याला त्याची गरज फारशी नाही. आखूड केसांचा, टॉवेलने दहा मिनिटांत कोरडा होतो. लांब केसांच्या आणि बुटक्या पायांच्या कुत्र्यांचं वेगळं. डॅक्सहुंडचं पोट चिखलाला टेकतं. तरी घालायचाच असेल तर टोपी नसलेला, फक्त पाठ झाकणारा घ्या. टोपीने कान दाबले जातात आणि ऐकू येत नाही म्हणून तो आणखी बिथरतो. मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ मोजा, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, बंद लावल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. नराच्या पोटाखालचा पट्टा मागपर्यंत आला तर शूची धार त्याच्यावरच पडते, दुकानात हे कुणी सांगत नाही. हार्नेसच्या कडीसाठी पाठीवर भोक आहे का तेही बघा.

पुतळा होतो कारण पाठीवर अचानक सगळीकडून दाब येतो आणि कापड करकरतं. पहिल्या दिवशी कोट जमिनीवर पसरून त्यावर खाऊ घाला. दुसऱ्या दिवशी तीन सेकंद पाठीवर ठेवून काढा. बंद लावणं पाचव्या-सहाव्या दिवशी, तेही घरात. जाड प्लास्टिकचा कोट जूनच्या दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवू नका, आत उष्णता कोंडते. घरी आल्यावर पहिल्यांदा तोच काढायचा.

नळावरचा:
मोठी गोल्फची छत्री घ्या, दोघंही मावता. आणि आल्यावर पाण्यात डेटॉल टाकून पाय धुवा.

दोरी_सैल:
नळावरचा, छत्रीला तो आधीच घाबरतोय. उघडताना होणारा ‘फट्’ आणि डोळ्यांसमोर एकदम मोठी होणारी काळी गोष्ट, दोन्ही एकत्र येतात. वापरायचीच तर घरात उघडी करून दोन दिवस कोपऱ्यात ठेवा, आजूबाजूला खाऊ टाका आणि खाली उतरताना लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधी उघडून न्या. डेटॉल नको. अंदाजाने ओतलं की कातडी जळजळते, आणि पाय तो चाटणारच. साधं पाणी पुरतं.

गच्चीचं_गवत:
बाल्कनीच्या प्रश्नाला उत्तर. सोय जरूर करा. बाहेरचं सोडेल ही भीती फारशी खरी नाही, जर ट्रे फक्त पावसाच्या दिवशी, फक्त दोरी लावून आणि फक्त त्या शब्दावर वापरला तर. ऑक्टोबरात उचलून ठेवायचा.

१८ किलोच्या कुत्र्याला वळायला जागा हवी, म्हणजे दोन बाय तीन फुटांच्या आत नको. दोन इंच काठाचा प्लास्टिकचा ट्रे घ्या, एका कोपऱ्यात भोक, समोरच्या बाजूला खाली फरशीचा तुकडा म्हणजे उतार मिळतो, भोकाखाली दोन लिटरचा डबा. एवढा कुत्रा दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लघवी करतो, त्या हिशेबाने डबा रोज रिकामा करा. वर नर्सरीतून चौरस फुटावर मिळणारी लॉनची तयार पट्टी अंथरा. ती दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडेल, लघवीतल्या नत्राने जळते, मग बदला. प्लास्टिकचं गवत स्वस्त पडतं, पण वास मुळाशी धरतं. रोज उचलून धुणार असाल तरच घ्या.

नर आहे म्हणजे नुसतं आडवं गवत त्याला पटणार नाही, उभं काहीतरी लागेल. चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा जड कुंडीत दगडांनी घट्ट बसवा, वर काथ्याची दोरी किंवा गोणपाट गुंडाळा. पाइप हलला तर एकदाच दचकेल आणि पुन्हा तिकडे फिरकणार नाही, म्हणून खरंच घट्ट. मागच्या भिंतीला मेणकापड.

सुरुवात करताना तो नेहमी जिथे करतो तिथली दोन मुठी माती पाइपच्या बुडाशी टाका आणि त्याची शू टिपलेला एखादा कागद गोणपाटाला चोळा. सकाळी साडेसहाला, म्हणजे सगळ्यात जास्त लागलेली असते तेव्हा, दोरी लावून ट्रेवर न्या, शब्द म्हणा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. नाही केली तर आत आणा, दोरी हातातच, वीस मिनिटांनी परत. मोठ्या कुत्र्याला पायाखालची सवय बदलायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत नाही झालं म्हणून ट्रे फेकू नका.

ट्रेचं पाणी बाल्कनीच्या जाळीत सोडू नका. बऱ्याच इमारतींत ती जाळी पावसाच्या पाइपाला जोडलेली असते आणि सगळं खाली आवारात किंवा खालच्यांच्या बाल्कनीत उतरतं. पुढचं तुम्हाला सोसायटीच्या ग्रुपवर वाचायला मिळेल. डबा संडासात ओता. फरशीला काळं फिनेल नको, पायांच्या गाद्यांना आणि जिभेला वाईट. अमोनियाचे क्लीनरही नकोत, त्यांचा वास लघवीसारखाच येतो आणि तो फरशीवर कुठेही करायला लागेल.

पागोळी:
सगळ्यांचे आभार. पाइपचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. उघडीप नेमकी कधी मिळेल ते आधी कळायची काही युक्ती? आणि पायांच्या बोटांमध्ये लाल झालंय, सतत चाटतो.

चिखलपाय:
उघडिपीसाठी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या रडारची चित्रं बघा, कुलाब्याचं किंवा वेरावलीचं. आपल्याकडे पावसाळ्यात ढग साधारण पश्चिमेकडून, समुद्रावरून येतात. समुद्रावरचा रंगीत पट्टा आणि ठाणे यांच्यात मोकळी जागा दिसली की बूट घाला. साडेसहा म्हणजे साडेसहाच, असा हट्ट पावसाळ्यात सोडा, तासाभराने पुढेमागे चालतं. मात्र पाऊस थांबल्यावर लगेच झाडाखाली नेऊ नका, झाड पुढची वीस मिनिटं गळत असतं आणि एखादा थेंब कानात गेला की तो पुन्हा पायरीवर.

बोटांचं: चिखल साध्या पाण्याने धुवा आणि टॉवेल घासू नका, दाबून टिपा. चारही पायांची बोटं एकेक फाकवून मधली जागा कोरडी करा, खालून मोठ्या गादीच्या मागची खाचसुद्धा. तिथेच ओल राहते. पावडर टाकू नका, ओलीत तिचा लगदा होतो. दोन दिवसांत लाली गेली नाही, वास आला किंवा लंगडला तर डॉक्टरांना दाखवा. बुरशी आहे की जंतू, ते बघूनच औषध ठरतं. टी ट्री तेल अजिबात नको, कुत्र्यांना विषारी आहे. कानाची पाळी उलटून रोज बघा, तपकिरी मळ किंवा आंबूस वास आला तर तेही त्याच फेरीत दाखवा. कानात इअर बड घालू नका, मळ आत ढकलला जातो.

गोचीड_शत्रू:
लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) कुणीच बोललं नाही. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि बोटांमधल्या त्या लाल, मऊ पडलेल्या कातडीतून सहज आत शिरतात. लसीच्या पुस्तिकेत शेवटच्या नोंदीत लसीच्या नावात ‘एल’, म्हणजे लेप्टोचं अक्षर, आहे का बघा. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. वर्ष उलटून बरेच महिने गेले असतील तर पुन्हा दोन डोस द्यायचे का, ते डॉक्टरांना विचारा. ताप, उलट्या, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या, शू अचानक फार कमी किंवा फार जास्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी नेणे. माणसालाही होतो, म्हणून ट्रे धुताना रबरी हातमोजे.

त्याला रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर पाय वर करू देऊ नका. पावसाळ्यात खांबात करंट उतरतो, आणि ओले पाय व शूची धार म्हणजे करंटला पूर्ण वाट. घोटाभर साचलेल्या पाण्यातूनही नेऊ नका, उघडं गटार दिसत नाही. रात्री दहाच्या फेरीत बेडूक-भेकांवर नजर ठेवा. भेक तोंडात धरला की तोंडाला फेस येतो. डोकं खाली आणि बाजूला धरून, पाणी घशाकडे जाणार नाही असं बघत पाच-दहा मिनिटं तोंड धुवा, ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. झटके किंवा लटपटणं दिसलं तर थेट दवाखाना.

टोरांटोहून:
इकडे हाच प्रश्न बर्फाचा असतो, कुणाला हवं असेल तर. दारापासून एक वाट आणि पुढे सहा बाय सहा फुटांचा चौकोन फावड्याने पार गवतापर्यंत साफ करायचा. बर्फावर वासही पुरेसा लागत नाही आणि पायाखालचं ओळखीचंही नसतं, गवत दिसलं की कुत्रा करतो. फूटपाथवरच्या मिठाने गाद्या चिरतात, आल्यावर कोमट पाण्यात बुडवून टिपायच्या. बूट घ्यायचे तर पंजा कागदावर टेकवून, त्या पायावर वजन असताना आखायचा. उचललेला पंजा लहान भरतो. बोटांमधले केस गादीच्या पातळीला कापले की बर्फाच्या गोळ्या धरत नाहीत. गाडीखाली सांडलेलं गोडसर अँटिफ्रीझ (इंजिनचं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) अगदी थोडं चाटलं तरी जीवावर बेततं. रेनकोट मात्र तुमच्याकडच्याइतकाच निरुपयोगी, इथे अंगरखा उबेसाठी लागतो.

गच्चीचं_गवत:
पागोळीताई, ट्रेबद्दल एक सांगायचं राहिलं. भोकावर बारीक जाळी बसवा, नाहीतर लॉनची माती पहिल्याच दिवशी डब्यात जाते, भोक तुंबतं आणि ट्रेमध्ये तळं होतं. तळ्यात तो पाय ठेवणार नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे.